वडिलांचा पार्किन्सन्स, कपाटातली गोळी आणि स्टेम सेलचं पॅकेज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त, आता सिंहगड रस्त्याला तुमच्याकडे राहतात. पेपर वाचताना उजवा हात थरथरतो, चालताना तोच हात अंगाला चिकटून राहतो, सही बारीक होत गेली आहे. आठ महिन्यांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं आणि लेवोडोपाची गोळी लिहून मिळाली. पण ‘ही गोळी पाच वर्षंच चालते, मग हातात काही उरत नाही’ असं मामांनी सांगितलं, म्हणून ती अजून कपाटातच आहे. सध्या कवचबीजाचं, म्हणजे खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण सुरू आहे. दरम्यान दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्याने स्टेम सेलचं, म्हणजे शरीरात मूळ पेशी सोडण्याच्या उपचाराचं, काही लाखांचं पॅकेज सुचवलं आहे. नवीन संशोधन आहे, जितकं लवकर कराल तितका फायदा, असं ते सांगतात. घराचं कर्ज डोक्यावर असताना एवढे पैसे उभे करावेत का, असं तुम्ही विचारता.

पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षं काम करते आणि हे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर सतत येतात. उत्तर आधी देते, कारणं नंतर. पॅकेज घेऊ नका. गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. चूर्ण चालू असल्याचं त्यांच्यापासून लपवू नका.

पण या सगळ्याच्या आधी तुमच्या मजकुरातल्या एका ओळीपाशी मी अडले. ‘पित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घेतात, दोन वर्षं झाली,’ असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. त्या कॅप्सूलची पट्टी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल एवढंच असेल तर चिंता नाही. त्याच्यापुढे ‘लेवोसल्पिराइड’ लिहिलेलं असेल, तर ती पट्टी घेऊनच डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास दिली जाते, एकदा मिळालेल्या चिठ्ठीवर माणसं ती वर्षानुवर्षं घेत राहतात, आणि लेवोसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं. त्यातून हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं उभी राहतात: चेहरा भावशून्य होतो, पावलं घासतात, हात थरथरतात. चक्करेसाठी दिलं जाणारं सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन आणि उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड यांचंही तसंच. उलटीचंच डॉम्पेरिडोन मात्र मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून आम्ही पार्किन्सन्सच्या रुग्णांना गरज पडली तर ते देतो.

असं औषध थांबवल्यावर लक्षणं उतरायला कित्येक आठवडे, कधी कधी काही महिने लागतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला मूळ आजार खराच असावा असं वाटतं. लक्षणं एकाच बाजूला सुरू झाली आहेत, आणि फोडणी जळाली तरी त्यांना वास येत नाही हे त्याच्याही कितीतरी आधीपासूनचं आहे, असं तुम्ही सांगता. वास जाणं, जुनी बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं या गोष्टी थरथर दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतात. औषधाने आलेली लक्षणं बहुधा दोन्ही बाजूंना येतात, नेहमीच नाही. पण खऱ्या आजारावर अशा कॅप्सूलचा भार पडला, तर आजार आहे त्यापेक्षा पुढे गेल्यासारखा दिसतो. डॉक्टरांना शंका वाटली तर ते ट्रोडॅट, म्हणजे मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी दाखवणारा स्कॅन सांगतील. केवळ औषधामुळे लक्षणं असतील तर हा स्कॅन नॉर्मल येतो. साधा एमआरआय दोन्हींमध्ये नॉर्मल दिसू शकतो, त्यामुळे ‘एमआरआय चांगला आहे म्हणजे पार्किन्सन्स नाही’ असं समजू नका.

डोपामिन अडवलं की माणूस का गोठतो, हे शास्त्रज्ञांना कळलं त्या कथेची सुरुवात आपल्याच मातीत आहे. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य पूर्वापार वापरत आले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचे अनुभव छापले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण मंद, उदास आणि ताठ होऊ लागले. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे जागच्या जागी पडून राहिले, कान खाली, हालचाल नाही. मग त्यांना डोपा, म्हणजे शरीर ज्याच्यापासून डोपामिन बनवतं ते रसायन, टोचलं आणि काही मिनिटांत तेच ससे उठून हिंडू लागले. हे १९५७ साल. तोपर्यंत डोपामिन म्हणजे दुसरं रसायन तयार होतानाचा निव्वळ एक टप्पा, अशी समजूत होती. ते स्वतःच मेंदूतला निरोप्या आहे हे या सशांनी दाखवलं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोल भागात डोपामिन जवळजवळ संपलेलं आढळलं. पुढच्याच वर्षी याच डोपाच्या एका रूपाची, लेवोडोपाची पहिली इंजेक्शनं रुग्णांना दिली गेली. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी पोटातून हळूहळू वाढवत मोठी मात्रा देण्याची पद्धत बसवली आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण तुमच्या कपाटात आहे. ती गोळी या शोधातून आलेली आहे, आणि साठ वर्षांत तिच्यापेक्षा चांगलं काम करणारं दुसरं औषध निघालेलं नाही.

आता मामांची भीती. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनी कुणाला तरी जवळून पाहिलं असणार. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरू लागतो, आणि असर टिपेला असताना अंग आपोआप वळवळतं, हे खरं आहे. प्रश्न असा की हे गोळीमुळे होतं की आजारामुळे. याचं उत्तर घानामध्ये मिळालं, आणि तेही दुःखद कारणाने: तिथल्या अनेक रुग्णांना औषध वेळेवर मिळतच नव्हतं. इटलीच्या आणि घानाच्या डॉक्टरांनी मिळून केलेला हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. घानातल्या रुग्णांनी लक्षणं सुरू झाल्यानंतर सरासरी ४.२ वर्षांनी लेवोडोपा सुरू केली होती, इटलीतल्या रुग्णांनी २.४ वर्षांनी. गोळी उशिरा लागली म्हणून घानातल्या लोकांची असराच्या या चढउतारांची वेळ पुढे ढकलली जायला हवी होती. तसं झालं नाही. आजाराच्या साधारण त्याच वर्षी त्यांनाही तो त्रास सुरू झाला, फक्त गोळी सुरू केल्यापासून थोड्याच महिन्यांत. म्हणजे आजाराचं वय आणि रोजची एकूण मात्रा यांचा हा हिशोब आहे, गोळी किती वर्षं घेतली याचा नाही.

याचं कारणही समजून घ्या. मधल्या मेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळपट पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात, साठवतात आणि लागेल तसं सोडतात. पुण्यात नळाला दोन तासच पाणी येत असलं तरी गच्चीवर टाकी असेल तर दिवसभर चालतं; त्या पेशी म्हणजे ही टाकी. सुरुवातीला पुष्कळ पेशी शिल्लक असतात, त्यामुळे दिवसातून तीन गोळ्यांवर माणूस दिवसभर ठीक राहतो. वर्षांगणिक पेशी कमी होतात, टाकी लहान होत जाते आणि मग नळाच्या वेळेप्रमाणेच पाणी. टाकी आजाराने लहान होते. गोळी कपाटात ठेवल्याने ती वाचत नाही.

नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर याचीच थेट परीक्षा झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अर्ध्यांना पहिल्या दिवसापासून लेवोडोपा दिली, अर्ध्यांना ४० आठवडे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि त्यानंतर खरी. ८० आठवड्यांच्या शेवटी दोन्ही गट सारखेच निघाले. लवकर सुरू केल्याने आजार मंदावला नाही, आणि लवकर सुरू केल्याने नुकसानही झालं नाही. फरक एवढाच, की उशिरा सुरू करणाऱ्यांनी ते ४० आठवडे जास्त त्रासात काढले. तुमच्या वडिलांचे आठ महिने तसे गेले आहेत. शर्टाची बटणं लावायला त्यांना तुमच्या आईची मदत लागते, असं तुम्ही लिहिलं आहे. माझ्या मते गोळी सुरू करायला एवढं कारण पुरे.

कवचबीजाला मी तुच्छ लेखत नाही. त्या बीमध्ये खरोखरच लेवोडोपा असतं आणि ते १९३०च्या दशकात मद्रासमध्येच शोधलं गेलं. लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या पण काळजीपूर्वक अभ्यासात, २००४ साली, मोजून दिलेल्या कवचबीजाचा असर नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. अडचण डब्यातल्या चूर्णाची आहे. कुठल्या चमच्यात किती लेवोडोपा आहे हे कुणी सांगू शकत नाही, आणि त्यात कार्बिडोपा नसतं. कार्बिडोपा लेवोडोपाला रक्तातच खर्ची पडण्यापासून वाचवतं. ते नसेल तर बराच भाग बाहेरच डोपामिन होऊन जातो आणि मळमळ, रक्तदाब उतरणं असे त्रास देतो. म्हणजे भीतीपोटी जी गोळी टाळली, तेच औषध वडील अंदाजाने घेत आहेत. चूर्ण आणि गोळी परस्पर एकत्र घेतली तर मात्रा नकळत वाढते. त्यातून वळवळ, भास किंवा उभं राहताच चक्कर येऊ शकते.

गोळी सुरू झाली की वेळेकडे लक्ष द्या. लेवोडोपा हे अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत नेणारी वाहक प्रथिनं तीच, जी डाळ, दूध, अंडं यांतून आलेली अमिनो आम्लं वाहून नेतात. दुधाच्या चहाबरोबर किंवा मटकीच्या उसळीवर गोळी घेतली तर गर्दी होते आणि गोळी मागे पडते. म्हणून जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास किंवा जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर. सुरुवातीच्या दिवसांत रिकाम्या पोटी मळमळलं तर एखादी खाकरी किंवा कोरडा टोस्ट चालेल. काही घरांमध्ये हे कळल्यावर डाळ-दूध बंदच करतात. ते अजिबात करू नका, या वयात स्नायू राखायचे आहेत. आणि एक बारकी गोष्ट: १०० मिलिग्रॅम लेवोडोपाच्या गोळीत कार्बिडोपा १० मिलिग्रॅम असतं किंवा २५. दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात गेलं नाही तर मळमळ जास्त होते. तीनच गोळ्या असतील तर २५ वाली का नको, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता पॅकेज. पेशी रोपण करून पार्किन्सन्स बरा करण्याची कल्पना खोटी नाही, म्हणूनच तिच्या नावावर फसवणं सोपं जातं. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकाच्या शेवटी गर्भाच्या मेंदूतल्या पेशींचं रोपण सुरू झालं आणि काही रुग्णांना फार फायदा झाल्याचं दिसलं. मग अमेरिकेत ४० रुग्णांवर शिस्तीत चाचणी झाली. सगळ्यांच्या कवटीला छिद्रं पाडली, पण खऱ्या पेशी निम्म्यांनाच दिल्या, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णांना सांगितलं नाही. २००१ मध्ये निष्कर्ष आले. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या सुधारणेत दोन गटांत फरक नव्हता. साठीच्या आतल्यांना थोडा लाभ दिसला, पण पेशी मिळालेल्यांपैकी १५ टक्क्यांना पुढे अशी वळवळ जडली की लेवोडोपा कमी करून किंवा बंद करूनही ती थांबेना.

त्यानंतर प्रयोगशाळेत डोपामिन पेशी तयार करण्याचं तंत्र खूप पुढे गेलं. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दोन अभ्यास एकदमच आले. क्योटोत ७ रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेने सोडल्या आणि दोन वर्षं पाहिलं. अमेरिका आणि कॅनडात १२ रुग्णांवर तसंच झालं. गाठी झाल्या नाहीत, पेशी जगून डोपामिन बनवताना स्कॅनवर दिसल्या, काही रुग्णांच्या हालचाली सुधारल्या. मला याचा मनापासून आनंद आहे. पण हे एकोणीस रुग्ण आहेत, तुलनेला दुसरा गट नाही, आणि या टप्प्याचा हेतू उपचार सुरक्षित आहे का एवढाच बघण्याचा होता. आशादायक गोष्टी मोठ्या चाचणीत गळतात याचं ताजं उदाहरणही त्याच वर्षीचं आहे: मधुमेहाचं एक्झेनाटाइड पार्किन्सन्स मंदावतं असं २०१७च्या छोट्या चाचणीत वाटलं होतं, ब्रिटनमध्ये १९४ रुग्णांच्या ९६ आठवड्यांच्या चाचणीत मात्र काहीच फरक आढळला नाही.

तुम्हाला जे विकलं जातं आहे ते यातलं नाहीच. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात ‘स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी, सलाईनमधून आणि कण्यातून’ असं लिहिलं आहे. त्या पेशी डोपामिन बनवणाऱ्या नाहीत आणि सलाईनमधून दिल्यावर मेंदूच्या त्या जागी जाऊन बसत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं रोपण सोडलं तर स्टेम सेलचा रुग्णांवरचा वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. अशा चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. उलट चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी २०१९च्या नियमांनी चाचणी करणाऱ्यांवर टाकली आहे. दवाखान्याला फोन करून क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीचा क्रमांक मागा. २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे आणि कुणालाही ऑनलाइन पाहता येते. क्रमांक मिळाला तरी त्याने उपचार गुणकारी ठरत नाही. पण पैसे आणि चाचणी हे दोन शब्द एकत्र आले, की तिथून उठून यावं.

‘पण व्हिडिओतले काका खरंच चालताहेत’ असं तुम्ही लिहिता. ते काका खोटं बोलत नसतील. कॅनडात २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषधाऐवजी नुसतं सलाईन टोचून मेंदूचा पेट स्कॅन केला, तेव्हा औषध मिळालं या अपेक्षेनेच त्यांच्या मेंदूत डोपामिन सुटताना दिसलं. म्हणजे या आजारात आशेचा परिणाम नेमका त्याच रसायनावर होतो ज्याची उणीव आहे. आठवडाभर, महिनाभर माणूस खरोखर बरा चालतो, व्हिडिओ तेव्हाच काढला जातो. म्हणून इथे तुलनेचा गट नसलेल्या कुठल्याही उपचारावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही मोठ्या नावाचा असो.

ते पैसे खर्च करायचेच असतील तर एक स्थिर सायकल आणि चांगला फिजिओथेरपिस्ट बघा. नेदरलँड्समध्येच १३० रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांनी सहा महिने घरी आठवड्यातून तीनदा, अर्धा ते पाऊण तास दम लागेपर्यंत सायकल चालवली. स्नायू ताणण्याचे व्यायाम केलेल्या दुसऱ्या गटाची हालचाल तेवढ्या काळात घसरली, सायकलवाल्यांची जवळपास तिथेच राहिली. दम लागला पाहिजे, सारसबागेत गप्पा मारत चकरा मारणं यात मोजू नका. हृदयाची तपासणी आधी करून घ्या.

पुढे कधी दारात पाय चिकटून राहू लागले तर घाबरू नका, ओढूही नका. सपाट फरशीवर अडकलेला माणूस जिना मात्र सहज चढतो, हे मी अनेकदा पाहते. सवयीचं चालणं मेंदूच्या खोल भागातून चालतं आणि तेच बिघडलेलं असतं. समोर पायरी दिसली की पाऊल डोळ्यांच्या मार्गाने, मेंदूच्या दुसऱ्या भागांकडून उचललं जातं. म्हणून दाराच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर गडद रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावतात, पावलाच्या अंतरावर, आणि माणूस त्या ओलांडत जातो. ताल धरून चालण्यानेही हेच साधतं. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे, यांना वर्षानुवर्षं एकत्र आणत आलं आहे. आईला तिथे आवर्जून घेऊन जा. वडिलांपेक्षाही तिला त्याची जास्त गरज असेल.

डॉक्टरांकडे जाताना कॅप्सूलची पट्टी, चूर्णाचा डबा आणि घरातली बाकीची सगळी औषधं एका पिशवीत न्या. वडील बटणं लावताना आणि खुर्चीतून उठून चालताना असे दोन छोटे व्हिडिओ मोबाइलवर घ्या, कारण तपासणीच्या खोलीत माणूस नेहमीपेक्षा ताठ चालतो. गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवस वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि हात कधी सैल झाला ते लिहा. मात्रा ठरवताना मला स्कॅनपेक्षा अशा वहीचा जास्त उपयोग होतो. आणि मोतीबिंदूसाठी किंवा आणखी कशासाठी दाखल व्हायची वेळ आली, तर गोळीच्या वेळा भूलतज्ज्ञांना आधी लिहून द्या. लेवोडोपा एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं ताठ होऊन तीव्र ताप येऊ शकतो. कमी करायचीच असेल तर ती डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने.